भोलाचं बारसं

कंपनीनं त्या इंजिनाला दिलेलं नाव म्हणजे तीन अक्षरं आणि चार आकडे. गोंदिया जिल्ह्यात ते एकाही माणसाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते दामिनीनं ठेवलेलं.

झाडी मोटारसायकल मंचाची ती रीतच होती. हा ऑनलाइन मंच दामिनीच्या नवऱ्यानं, हिमांशूनं, लग्नाच्या आधी सुरू केला होता. तो गोंदियात स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला, आणि घर बिरसीला, विमानतळाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. आता मंचावर साडेचार हजार माणसं होती, तुमसरपासून थेट छत्तीसगडच्या डोंगरगडपर्यंतची. बाजारात नवं इंजिन आलं की ज्याच्या घरी ते पहिल्यांदा येई, त्यानं सकाळी थंड गाडी सुरू करून तिचा आवाज रेकॉर्ड करून मंचावर टाकायचा. मग तीन दिवस बारशाच्या चर्चेचा धागा चाले. नावं गुराढोरांचीच, बहुतेक बैलांची. शंकरपटाच्या शर्यतीत पळणाऱ्या जोड्यांची नावं जशी झाडीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, पोरासोरांच्या तोंडी असतात, तशीच या इंजिनांची होऊन गेली. जड, गुरगुरणारं होतं ते टोणगा. हलकं आणि चपळ ते पाखऱ्या. पुढे पुढे तर दुकानात येणारे मिस्त्रीसुद्धा म्हणू लागले, "हिमांशूभाऊ, पाखऱ्या का क्लच प्लेट है क्या?"

नियम दोनच होते. नावात कंपनीचं नाव येता कामा नये, आणि एकदा बांधलेलं नाव सोडायचं नाही.

नाव शेवटी ॲडमिन जाहीर करी. ॲडमिन म्हणजे हिमांशू, असं सगळे धरून चालत. पण आचल पोटात असल्यापासून मंचाची चौकीदारी दामिनीकडेच होती. कोणाला आत घ्यायचं, जाहिराती काढून टाकायच्या, भांडणं थोपवायची, सगळं तीच पाही. ती रसायनशास्त्राची बीएस्सी. बारीक वाचायची सवय होतीच, आणि आचल झाल्यापासून नजर आणखी तीक्ष्ण झाली होती, किंवा भित्री, तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. पोर झोपली की ती तिच्या नाकापुढे बोट धरून बघे. एकदा बघून भागत नसे.

दिवाळीच्या आधी गावातल्याच लीलाधरनं त्या नव्या इंजिनाचा आवाज टाकला, तेव्हा आचल तीन महिन्यांची होती आणि दुपारभर रडत होती. दामिनीनं एका हातानं तिला थोपटत दुसऱ्या हातानं तो आवाज लावला. खालच्या सुरातला, एकसारखा, गोठ्यात बैल रवंथ करत बसावा तसा. आचल रडायची थांबली. दुसऱ्यांदा लावला तर झोपून गेली.

दामिनीनं धाग्यात तिसऱ्या दिवशी ॲडमिनच्या नावानं लिहिलं : "नाव भोला. पाठीवर पोरगं बसवा, हलणार नाही."

सहाशे लोकांना ते आवडलं. तेवढं एक वाक्य पुढे भलतंच फिरलं. शोरूममधला धर्मेंद्र ते गिऱ्हाइकांना म्हणून दाखवू लागला. देवरीला राहणारा तिचा धाकटा भाऊ मुन्ना, जो जंगलातल्या गावांतून मोहफुलं आणि हिरडा घेऊन व्यापाऱ्याला विकतो, त्यानं तर दुसरी गाडी पक्की केलेली सोडून भोला घेतला. होळीपर्यंत मंचावर दोनशेच्या वर भोला झाले.

पहिला भोला बसला तो केवलरामचा. केवलराम म्हणजे मंचावरचा सगळ्यात हसरा माणूस. महामार्गाच्या वळणावर गाडी बंद पडली, तर यानं बांधावरचं मूठभर गवत उपटून पुढच्या चाकापुढे ठेवलं आणि फोटो टाकला : "आज भोला बसला. चारा खाल्ल्याशिवाय उठत नाही म्हणते." लोक हसून बेजार झाले. दामिनीही हसली. तिनं तो फोटो त्या महिन्याचा सर्वोत्तम फोटो म्हणून मंचाच्या माथ्यावर लावला.

मग चाऱ्याच्या फोटोंची लाटच आली. कोणी कडबा ठेवला, कोणी पालक. एकानं चाकाला हळदकुंकू लावलं. चार-पाच मिनिटांत गाडी पुन्हा सुरू होई, त्यामुळे तक्रारींच्या धाग्याकडे कोणी फिरकलंच नाही.

एप्रिलातल्या एका सोमवारी मुन्नाचा फोन आला.

"ताई, आज आपलाही भोला बसला."

"कुठं?"

"इथंच. महामार्ग ओलांडून राहिलो होतो. मधोमध गेलो अन् चूप. लाइट नाही, हॉर्न नाही. मागं ट्रकवाला असा बोंबलून राहिला, जसं त्याच्या बापाच्या लग्नाले उशीर होऊन राहिला." मुन्ना हसला. "अन् टिंकू म्हणते, बाबा, गवत आणू का?"

टिंकू त्याचा पाच वर्षांचा मुलगा.

"टिंकू होता गाडीवर?"

"मंग? टाकीवरच बसते तो. तूच तं लिवलं होतं ना, पोरगं बसवा म्हणून."

दामिनी पुढे काय बोलली ते तिच्या लक्षात राहिलं नाही. तिनं फोन ठेवला. आचल रांगत उंबऱ्यापर्यंत गेली होती. तिला उचलून तिनं मांडीवर घेतलं आणि मंच उघडून चाऱ्याचे सगळे फोटो पहिल्यापासून बघायला बसली.

हसण्यासाठी बघितलेले फोटो तिनं आता वेगळ्या नजरेनं बघितले. तेवीस होते. सगळ्यांत सावल्या आखूड, म्हणजे भर दुपार. आणि गाडी कुठे उभी? कुठे वळणावर, कुठे पुलाच्या चढाला, कुठे रेल्वे फाटकाच्या अलीकडे. जिथे माणूस वेग कमी करतो तिथेच. सरळ मोकळ्या रस्त्यावरचा एकही फोटो नव्हता.

मंगळवारी सकाळी तिनं तेवीस जणांना वेगवेगळा निरोप पाठवला. किती वेळ चालवली होती? कोणत्या गिअरमध्ये? एक्सलेटर सोडला होता का? दुपारपर्यंत बावीस जणांची उत्तरं आली, बहुतेकांची एकसारखी. अर्धा-पाऊण तास चालून तापलेली, दुसरा गिअर, एक्सलेटर सोडला तेव्हा. बंद पडताना दिवे, हॉर्न सगळंच मेलं. एकट्या केवलरामचं उत्तर आलं नाही. तो नेहमी सगळ्यांच्या आधी उत्तर देणारा.

संध्याकाळी हिमांशू जेवायला बसला तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

"नवं मशीन आहे," तो म्हणाला. "थोडंफार होतेच."

"तेवीस जणांचं सारखंच?"

"दोनशेतले तेवीस."

"तेवीस जणांनी फोटो टाकले. ज्यांनी टाकले नाहीत त्यांचं काय?"

हिमांशूनं भाकरीचा तुकडा तसाच धरून ठेवला. येत्या रविवारी मंचाची मोठी फेरी होती. नागऱ्याच्या शिवमंदिरापासून निघून देवरीपर्यंत, चाळीस गाड्या, त्यांत चौदा भोला. धर्मेंद्र शोरूमचा बॅनर घेऊन येणार होता. दोन महिने त्याची तयारी चालली होती.

"मग करू काय म्हणतेस?"

"नाव काढून घेऊ. आणि का काढलं ते सांगू."

"नाव सोडत नाही आपण. आज एक सोडलं तर उद्या जो तो उठून म्हणेल, माझं बदला." मग जरा थांबून, आवाज मऊ करून तो म्हणाला, "दामिनी, तुले आचलच्या शिंकेतही निमोनिया दिसते. यार, प्रत्येक गोष्टीत धोका नसते."

 तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिला वाटलं, खरंही असेल. मागच्या महिन्यात साध्या घामोळ्यासाठी तिनं डॉक्टरांकडे दोन खेपा घातल्या होत्या. आपण काय बघतो आणि कशाला भितो, यातली रेघ आपल्याला दिसेनाशी झाली असेल तर? तिनं मनातल्या मनात चाऱ्याचे फोटो पुन्हा चाळले. सावल्या आखूडच होत्या.

सासरे शालीकराम ओसरीवर आचलला मांडीवर घेऊन बसले होते. धानाची शेती करत त्यांनी उमेदीत बैलांचाही धंदा केला होता. मोटारसायकलीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण कान तिखट.

"तापला का बसते म्हणतेस तो?" त्यांनी विचारलं.

"हो मामाजी. तापला आणि हळू केला की."

"मंग तो भोला नाही. गरियार आहे."

गरियार म्हणजे जुवाखाली चालता चालता अंग टाकून देणारा बैल. एवढं झाडीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तरी शालीकराम सांगत राहिले, बहुधा आतल्या खोलीत जेवणाऱ्या मुलासाठी.

"गरियार दिसाले गरीबच असते. मारत नाही, बुजत नाही. पोरगंही बसते त्याच्या पाठीवर. फक्त कुठं बसंल त्याचा नेम नाही. मी इकला होता एक. बैलबाजाराची रीत अशी का, घेणाऱ्यानं पुसो न पुसो, कासरा हाती देण्याच्या आधी खोड सांगा लागते. मी म्हटलं, गरीब आहे बैल. खोटं नव्हतो बोललो. वाघनदीच्या उतारात बसला, बंडीसकट. पाणी चढून राहिलं होतं."

"मग?" दामिनीनं विचारलं.

"माणूस निघाला. जोडीतला दुसरा बैल गेला." त्यांनी आचलच्या तोंडातून तिची मूठ काढली. "त्या गावाचं पाणी मी अजून पेत नाही."

आत हिमांशूच्या ताटाचा आवाज थांबला होता.

बुधवारी तो दुपारीच घरी आला. लीलाधरचा भोला त्यानं मागून आणला होता.

"चाल," तो म्हणाला. "दाखव."

विमानतळाच्या भिंतीलगतचा रस्ता त्या वेळी ओस असतो. दामिनी आचलला पदराखाली घेऊन कडुनिंबाखाली उभी राहिली. आधी पाऊण तास त्यानं गाडी नुसती पळवली. मग तिनं सांगितल्याप्रमाणे भिंतीच्या कोपऱ्यावर दुसऱ्या गिअरमध्ये वळायला लागला, प्रत्येक वेळी एक्सलेटर सोडून. एकदा, दोनदा, पाचदा. वर वैमानिक शिकवणाऱ्या शाळेचं छोटं विमान घिरट्या घेत होतं. खाली गाडी, वर विमान, दोन्हींचा आवाज एकमेकांत मिसळलेला. सातव्या वळणानंतर हिमांशूनं लांबूनच हात हलवला : काही नाही.

त्या क्षणी तिला खरोखर वाटलं की आपणच चुकावं. घरी जाऊ, आचलला आंघोळ घालू, रविवारी फेरी निघू दे. भित्री म्हणवून घ्यायला तिची काहीच हरकत नव्हती.

नवव्या वळणावर नुसत्या विमानाचाच आवाज उरला.

हिमांशू वळणाच्या ऐन मध्यावर होता. गाडी एका अंगाला कलली आणि त्यानं पाय टेकून ती कशीबशी सावरली. सेल्फ दाबला. पुन्हा दाबला. मग नुसताच उभा राहिला, दोन्ही पाय रोवून, मान खाली घालून. दामिनी घड्याळाकडे बघत होती.

गाडी सुरू करून तो झाडाखाली आला तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता.

"चार मिनिटं," तो म्हणाला.

"महामार्गावर चार मिनिटं," ती म्हणाली.

घराकडे येताना त्यानं एकदाच तोंड उघडलं. "रविवार होऊ दे. सोमवारी टाकू. धर्मेंद्रशीही बोलून घेतो. त्या चौदा जणांले मी फोन करतो, ते येणार नाहीत."

"आणि बाकीचे? टिंकू उद्याही टाकीवरच बसेल."

हिमांशूनं गाडी वळवली. लीलाधरची किल्ली परत करायला निघून गेला.

दामिनीनं आचलला सासऱ्यांकडे दिलं आणि लिहायला बसली. ॲडमिनच्या नावानं नाही. तिचं स्वतःचं खातं होतं, आचलचा फोटो लावलेलं, मंचावर कोणालाच ठाऊक नसलेलं. त्याच खात्यावरून तिनं लिहिलं :

"मी दामिनी. हिमांशूची बायको. भोला हे नाव मी ठेवलं होतं. चालवून नाही, आवाज ऐकून ठेवलं. माझं बाळ त्या आवाजानं झोपलं, एवढंच माझ्याकडे होतं. त्यानंतर तेवीस गाड्या रस्त्यात बंद पडल्या आणि आपण सगळे चाऱ्याचे फोटो बघून हसलो. मीसुद्धा. आज आमच्या समोर एक गाडी वळणात बंद पडली. कधी आणि कशी, ते खाली लिहिलं आहे. कंपनी यावर काही सांगेपर्यंत ही गाडी महामार्गावर नेऊ नका. ज्यांनी माझं वाचून पाठीवर पोरगं बसवलं असेल, त्यांनी आजच उतरवावं. मंचाचा नियम मोडून मी हे नाव सोडते आहे. आजपासून याला गरियार म्हणा."

ते तिनं मंचाच्या माथ्यावर लावलं. आधी तिथे केवलरामचा गवताचा फोटो होता. तो खाली सरकला. त्याच्याखाली तिनं स्वतः टाकलेली हसऱ्या तोंडाची चिन्हं अजून दिसत होती, एका ओळीत तीन.

पहिल्या तासात लोकांनी तिला सोलून काढलं.

"वहिनी, स्वयंपाक झाला का?"

"माझा आठ हजार चालला. एकदाही नाही बसला. पेट्रोल टाकत जा म्हणावं लोकांले."

"स्कुटी चालवते का बाई, का तेही नाही?"

धर्मेंद्रनं लिहिलं, "भाभीजी, कभी इंजिन खोलके देखा है? अफवा पसरवू नका." आणि लगेच हिमांशूला फोन लावला. हिमांशू नुकताच परतला होता. तो फोन घेऊन अंगणात फेऱ्या मारू लागला. दामिनी दाराआड उभी होती. तिला त्याचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"हो. बायकोच आहे माझी... नाही, नावं तिनंच ठेवलेत, सगळेच. टोणगा पण... ऐक ना. मी चालवली. माझ्याखाली बंद पडली... बॅनर नको आणू मग." बराच वेळ तो नुसतं ऐकत राहिला. "नाही, धर्मेंद्रभाऊ. पोस्ट निघणार नाही."

आत येऊन त्यानं फोन चार्जिंगला लावला आणि माठातलं पाणी प्यायला. तिच्याकडे बघितलं नाही, पण आचलला उचलून घेताना त्यानंही तिच्या नाकापुढे बोट धरलं, क्षणभर.

गुरुवारी सकाळी केवलरामचं उत्तर आलं, तिला नाही, सगळ्यांना. खाटेवरचा फोटो होता. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. खाली लिहिलं होतं :

"वहिनी बरोबर म्हणून राहिल्या. मंगळवारी सकाळी माझा पुलाच्या वळणावर बसला. मागून पिकअप होता. बोललो नाही, कारण बोललो असतो तर तुमी गवत टाकलं असतं. पहिलं गवत मीच टाकलं होतं."

 त्याच्याखाली एकानं लिहिलं, "माझाही. फाटकात." मग दुसऱ्यानं. कोणी बायकोसमोर लाज वाटली म्हणून सांगितलं नव्हतं, कोणी नवी गाडी म्हणून. ज्यानं पेट्रोल टाकत जा म्हटलं होतं त्यानं आपलं वाक्य पुसून टाकलं. दिवस मावळेपर्यंत तेवीसचे एकसष्ट झाले. हिमांशूनं दुकानातून येताना त्या सगळ्यांची यादी कंपनीला पाठवली. नोंद घेतली आहे, एवढं उत्तर आलं.

मुन्ना मात्र फोन उचलत नव्हता. बुधवारपासून तिनं किती वेळा लावला असेल. गुरुवारी त्याचा एकच निरोप आला : "लोक हसून राहिले ताई. ॲडमिनच्या साळ्यानंच गरियार घेतला म्हणते." त्यानंतर काही नाही. शुक्रवार गेला. शनिवारी ती स्वयंपाक करतानाही फोन समोर उभा करून ठेवत होती. मोहफुलांचे दिवस होते. या दिवसांत मुन्ना पहाटेपासून रस्त्यावर असतो, हे तिला ठाऊक होतं.

रविवारी नागऱ्याहून फेरी निघाली. चाळीसपैकी एकोणीस गाड्या आल्या. हिमांशू आपला जुना टोणगा घेऊन गेला. त्या चौदांपैकी दोघं दुसऱ्यांच्या मागे बसून गेले. बाकीचे आलेच नाहीत.

अकराच्या सुमाराला अंगणाचं फाटक वाजलं. मुन्ना होता, आणि त्याचा हात धरून टिंकू. दोघांचेही पाय धुळीनं भरलेले.

"बसनं आलो," मुन्ना म्हणाला. "गोंदियावरून ऑटो. त्यानंही तुमच्या फाट्यावरच सोडून देल्लं."

"फोन काऊन नाही उचलला?"

"राग आला होता."

तिनं पाणी दिलं. तो ओसरीच्या कडेला बसला. शालीकरामांनी टिंकूला जवळ ओढून घेतलं.

"शुक्रवारी याले घेऊन निघालो होतो," मुन्ना म्हणाला. "मनात म्हटलं, पाहतो कोण काय म्हणते. हा टाकीवर चढला. सेल्फवर अंगठा ठेवला अन् समोर याचं डोकं. रोजच असते. पण त्या दिवशी..." त्यानं पेला उलटा करून बाजूला ठेवला. "उतरवलं."

दामिनीनं तो पेला उचलला.

"नाव तसं नसतं तं घेतलाच नसता मी."

"माहीत आहे," ती म्हणाली.

तिला आणखी काही म्हणायचं होतं, पण तो तिच्याकडे बघत नव्हता, आणि माफी मागायला ती जागा बरोबर वाटेना. तिनं टिंकूच्या पायावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. गुडघे बघितले, कोपरं बघितली. एका कोपरावर जुनी खपली होती.

"हे कशाचं रे?"

"आंब्यावरून पडलो," टिंकू म्हणाला. मग तिच्या कानाशी येऊन सांगितलं, "आत्या, भोलाले गोठ्यात बांधलं आम्ही. दोरानं. बाबा म्हणते, तिथं बसला तं काही होत नाही."

मुन्नाच्या तोंडावर हसू येऊ घातलं होतं. त्यानं ते येऊ दिलं नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर मंचावर तिरोड्याच्या कोणीतरी आवाज टाकला. दुसऱ्या कंपनीचं नवंकोरं इंजिन, जिल्ह्यात पहिलंच. "दामिनीवहिनी, बारसं कधी?" तिचं नाव घेऊन कोणी विचारायची ही पहिलीच वेळ.

तिनं आवाज लावला. आचल मुन्नाच्या मांडीवर होती. तिनं मान वळवली आणि बोळकं पसरून हसली.

"चांगला आहे," मुन्ना म्हणाला. "काय ठेवतेस?"

शालीकराम डोळे मिटून पडले होते. "जुवाखाली गेल्याबिगर बैलाले नाव नाही ठेवत," ते डोळे न उघडता म्हणाले.

दामिनीनं लिहिलं : "एक पावसाळा आणि एक उन्हाळा चालवा. कुठे बसला, कुठे पडला, लाज न धरता सांगा. तोवर हा बिननावाचा."

आवाज खरंच गोड होता. तिनं तो पुन्हा लावला नाही.